डिफेन्समनने शिकवलेली गाडी

मला अमेरिकेत गाडी चालवायला शिकवली ती आइस हॉकीच्या एका डिफेन्समनने. हे आधी लिहून टाकतो, कारण एकदा माझं सुरू झालं की त्याचं राहून जाईल. त्याच्याआधी बायकोने शिकवून पाहिलं, ते संसाराच्या मुळावर यायला लागलं म्हणून थांबवलं. इथल्या मराठी मंडळातल्या एका काकांनी दोन रविवार दिले, तिसऱ्या रविवारी त्यांची पाठ धरली आणि ती पुढे धरूनच राहिली. शेवटी शिकवलं ते याने. ना नात्याचा, ना भाषेचा, ना कुणाच्या ओळखीतला.

मी नगरचा. नववीत शाळा सोडली. वडिलांची कंबर गेली होती, आणि खरं सांगायचं तर बीजगणित माझ्या डोक्यावरून जात होतं, त्यामुळे दोन्ही कारणं एकमेकांना सोयीची पडली. बसस्टँडच्या मागे सीट कव्हरचं दुकान होतं, तिथे बसलो. रिक्षा, मोटरसायकली, पुढेपुढे जीपसुद्धा. रेक्झीन कापायचं, फोम भरायचा, जाड सुईने टाके घालायचे. हाताला ते काम आवडलं. लग्न ठरलं ते आमच्याच चर्चमधल्या मुलीशी. ती नर्सिंगला होती. तिचे मामा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मुलगी शिकलेली आणि मुलगा शिलाईवाला." सगळे हसले, मीही हसलो. पुढे ती परीक्षांवर परीक्षा देत राहिली, इथल्या हॉस्पिटलने तिला बोलावलं, ग्रीन कार्ड तिला मिळालं आणि तिच्या कागदांवर मी आलो. माझ्या बाजूने सगळं कर्तृत्व एवढंच, की मी विमानात घाबरलो नाही. म्हणजे घाबरलो, पण तिला कळू दिलं नाही.

आमचं गाव शिकागोपासून दोन-अडीच तासांवर. बायकोची गाडी तिच्या ड्युटीला लागायची, त्यामुळे डाळ-तांदूळ, हिंग, गोडा मसाला संपला की कुणाच्या तरी गाडीत बसून शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्याला, डेव्हन ॲव्हेन्यूला जायचं, आणि ज्याची गाडी त्याच्या वेळेने परत यायचं. इथे ज्याला गाडी येत नाही तो माणूस म्हणजे दुसऱ्याच्या पिशव्यांमधली एक पिशवी. पहिली दोन वर्षं मी तसाच होतो. नोकरी मिळाली ती घरापासून चालत जाता येईल अशी, म्हणजे हॉकीच्या स्टेडियममध्ये. मॅच संपली की खुर्च्यांखालचे पॉपकॉर्न आणि कप गोळा करायचे.

त्या बर्फाच्या हॉकीचं मला काहीच माहीत नव्हतं. हॉकी म्हणजे हिरवं मैदान आणि वाकडी काठी एवढंच डोक्यात. इथे बर्फावर माणसं इतक्या जोरात येतात की काचेला आदळली की पहिल्या रांगेतली बिअर सांडते. बॉलच्या जागी रबराची चकती, तिला पक म्हणतात. आमची टीम खालच्या लीगमधली. टीव्हीवर दिसते ती वरची लीग. तिथे जायला निघालेली तरुण पोरं आमच्याकडे असतात आणि तिथून परत आलेले काही जुने. हा जुन्यांपैकी. पस्तिशीचा, पुढचे दोन दात खोटे, सकाळी जिने उतरताना कठड्याला धरून उतरायचा.

मी त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं ते खेळाडूंच्या खोलीबाहेरच्या बोळात. सराव संपला होता आणि तो बाकावर बसून हातमोज्याच्या तळव्याला चिकटपट्टी लावत होता. हॉकीचा हातमोजा वरून जाडजूड असतो, पण तळव्याला पातळ चामडं असतं, काठी धरता यावी म्हणून. ते झिजून फाटतं. माझ्या हातात झाडू होता. मला इंग्रजी फारसं जमत नव्हतं, म्हणून मी नुसता हात पुढे केला. त्याने माझ्याकडे पाहिलं, झाडूकडे पाहिलं आणि हातमोजा दिला. का दिला, मला अजून कळलेलं नाही. मी असतो तर दिला नसता.

घरी नेऊन जुना तळवा उसवला, नवं चामडं कापलं आणि रिक्षाच्या सीटच्या कडेला घालतो तसे टाके घातले. दुसऱ्या दिवशी त्याने तो घातला, मूठ मिटली, उघडली, परत मिटली. माझ्या खांद्याला धरून मला इक्विपमेंट मॅनेजरच्या खोलीत घेऊन गेला. हे मॅनेजर म्हणजे सगळ्या सामानाचे मालक. स्केट्सना धार लावणं, कपडे धुणं, काठ्या, बॅगा, सगळं त्यांच्याकडे. मी त्यांना मनात मुकादम म्हणतो. ऊसतोडीच्या मुकादमासारखाच आवाज, पण मनाने बरा माणूस. त्यांना हा म्हणाला, "हा माणूस बाहेर झाडू मारतोय, आणि आपण हातमोजे पोस्टाने शिवायला पाठवतोय." तेवढ्यावर मी झाडू ठेवला आणि आत आलो. म्हणजे गाडीच्या आधीचं हेही आहेच त्याच्या नावावर.

मंडळाच्या कार्यक्रमात लोक विचारायचे, कुठे असता तुम्ही? बहुतेक सगळे आयटीतले, पुण्याचे, नागपूरचे. मी म्हणायचो, हॉकीत. एकदा एका काकूंनी आनंदाने विचारलं, कोच का? मी म्हटलं, नाही काकू, हातमोजे शिवतो. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग माझ्या पर्सची चेन बघाल का?" तेव्हापासून प्रत्येक गणपतीत मला दोन-तीन पर्स मिळतात.

त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी डिफेन्समन काय करतो ते सांगायला हवं. समोरून माणूस पक घेऊन पूर्ण वेगात येत असतो, आणि हा त्याच्याकडे तोंड करून उलटा पळत असतो. पाय मागे, डोळे पुढे. घाईने अंगावर गेला तर तो माणूस बगल देऊन निघून जातो. नुसता मागे जात राहिला तर थेट गोलपर्यंत वाट मोकळी करून देतो. या दोन्हींच्या मध्ये काहीतरी असतं, ते तो करायचा. गोल त्याने आमच्याकडे असताना बहुतेक केलाच नाही. त्याच्या नंबरचा टी-शर्ट घातलेलं एकही पोर मी स्टेडियममध्ये पाहिलं नाही. पण मॅचची शेवटची मिनिटं आली आणि आपण एका गोलने पुढे असलो की कोच त्याच्या खांद्यावर थाप मारायचा. मग हा उतरायचा, आणि समोरच्यांनी मारलेले फटके पायांवर, फासळ्यांवर घ्यायचा. नंतर बर्फाची पिशवी बांधून माझ्या टेबलाजवळ बसायचा, जणू पावसात थोडा भिजून आलाय.

तो किती टीममधून खेळला हे त्यालाही नीट सांगता यायचं नाही. गावांची नावं घेताना मध्येच थांबायचा, म्हणायचा तिथे दोनदा होतो. एक हिवाळा जर्मनीत. वरच्या लीगमध्ये चार-दोनदा बोलावणं आलं, कुणाचा तरी पाय मोडला म्हणून. तो पाय बरा झाला की हा खाली. अशा खेळाडूला इथे जर्नीमन म्हणतात. त्यानेच मला समजावलं, हातात हत्यार घेऊन गावोगाव काम करणारा कारागीर. मी म्हटलं, आमच्याकडे कल्हईवाला असायचा. भाता घेऊन यायचा, सगळ्या आळीची भांडी चकचकीत करून जायचा. त्याने विचारलं, तो राहायचा कुठे? कल्हईवाला कुठे राहतो हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "हां, मग तोच मी."

हे तो कुरकुरत म्हणाला नाही. कुरकुर त्याच्यात नव्हतीच. सगळ्यांच्या आधी यायचा. वापरलेल्या चिकटपट्टीचे गोळे पोरं जमिनीवर टाकायची, हा स्वतःचे उचलून डब्यात टाकायचा. आणि स्केट धार लावायला द्यायचा तेव्हा धारेची बाजू स्वतःकडे, मागची माझ्याकडे. आपण कात्री देताना मूठ पुढे करतो ना, तसं. सीट कव्हरच्या दुकानातल्या वस्तादाने मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट या माणसाला कुणी शिकवली असेल, असं मला प्रत्येक वेळी वाटायचं.

आता गाडीचं. मुकादमांचा एक मदतनीस होता, तो टीमची व्हॅन चालवायचा. काठ्या, बॅगा, धार लावायचं मशीन, सगळं तिच्यात. टीम बसने जाते, व्हॅन मागून. तो मदतनीस फ्लोरिडाला मुलीकडे गेला. मुकादमांनी मला बोलावून सांगितलं की ती जागा मला द्यायची त्यांची इच्छा आहे, पगारी, पूर्ण वेळाची, बारा महिन्यांची. फक्त लायसन्स हवं, प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या, सुरू व्हायच्या आत. नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल, आणि दुसरा माणूस आला की दोघांचं काम उरत नाही. त्यांनी "सॉरी" हे आधीच म्हणून टाकलं. मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं तेव्हा जागा मिळतेय हे आधी सांगायला हवं होतं. मी जागा जातेय तेच सांगितलं. माझा स्वभावच तसा.

लेखी परीक्षा बायकोने घोकून घेतली, ती पास झालो. रस्त्यावरच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झालो ते हॉर्नमुळे. वळणावर पलीकडचं दिसत नव्हतं, म्हणून मी हॉर्न दिला. नगरला वळणावर हॉर्न न देणारा माणूस म्हणजे खुनी. इथे परीक्षा घेणाऱ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी कुणाला आईवरून शिवी दिली. त्याने गडबडलो, पुढे एका सायकलवाल्याला सावध करायला परत दिला. संपलं.

दुसऱ्यांदा चार रस्त्यांवर. इथे सिग्नल नसलेल्या चौकात चारी बाजूंना थांबायची पाटी असते. जो आधी आला तो आधी जातो. ऐकायला सोपं आहे. मी थांबलो, समोर एक गाडी थांबली, मी तिला हाताने म्हटलं, जा. ती गेली. डावीकडून आली, तिलाही म्हटलं, जा. पाहुण्याने आधी जेवावं तशी माझी भावना. मागे रांग लागली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, मग पेन खाली ठेवून त्या नुसत्या बाहेर बघत बसल्या.

बायको म्हणाली होती, "अहो, आयसीयूत मी घाबरत नाही. तुमच्या शेजारी बसायला घाबरते." तिची ड्युटी बारा तासांची, वर माझा ब्रेक. तिला मी काय दोष देणार?

टीममध्ये ही बातमी कशी पसरली माहीत नाही. पोरं दिवसभर चेष्टा करत होती. गोलकीपर म्हणाला, पुढच्या वेळी माझं हेल्मेट घालून जा. दुसरा म्हणाला, याला बर्फ घासायच्या गाडीवर बसवा, तिला चौकच नाहीत. मीही हसत होतो, हातात सुई होती म्हणून बरं. हा तेवढा हसला नाही. सगळे गेल्यावर त्याने विचारलं, नापास नेमका कशाने? मी सांगितलं. त्याने असं ऐकलं जसं कोच मॅचचं रेकॉर्डिंग बघतात. मग म्हणाला, उद्यापासून सराव झाला की माझ्या गाडीत.

त्याची गाडी जुनी, मोठी, आणि मागे त्याचं सगळं घर. घडीचं टेबल, गुंडाळलेली गादी, कॉफीचं मशीन, मुलीने काढलेल्या चित्रांची एक नळी. भाड्याच्या खोलीत तो फार काही उतरवायचाच नाही. बायको-मुलगी उत्तरेला मिनेसोटात, त्याच्या गावी. मुलीची शाळा किती वेळा बदलायची म्हणून त्यांनी तसं ठरवलं होतं. त्या गाडीत मी गिअर टाकायचो आणि मागे कपबशा वाजायच्या.

पहिले दिवस स्टेडियमच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. कडेने चिखलमिश्रित बर्फाचे ढीग. तो शिकवायचा ते सगळं हॉकीतून. पुढच्या गाडीशी अंतर किती ठेवायचं, तर येणारा माणूस आणि मी यांच्यात ठेवतो तेवढं. जवळ गेलास तर फसशील, लांब राहिलास तर मध्ये कुणीतरी घुसेल. चौकात कुठे बघायचं? मी चाकांकडे बघायचो. तो म्हणायचा, आम्ही पककडे बघत नाही, पक फसवतो; छातीकडे बघतो, छाती जिकडे वळते तिकडेच माणूस जातो. तसं गाडीच्या नाकाकडे बघ.

हॉर्नचं त्याला हसू आलं, पण त्याने ते समजून घेतलं. बर्फावर आम्हीही सारखे ओरडतो, म्हणाला, मागून आला, डावीकडे आहे, सोड. तुझा हॉर्न तोच आहे. फक्त इथे रस्त्यावर कुणी तुझ्या टीममध्ये नाही. मला ते वाक्य थोडं लागलं. पण त्यानंतर माझा हात हॉर्नकडे जाणं कमी झालं हे खरं.

चौकाचं मात्र सुटेना. डोक्याला नियम कळायचा, हाताला कळायचा नाही. गावातल्या एका शांत चौकात तो मला रोज न्यायचा, आणि मी रोज एकाला तरी पुढे घालायचो. एक दिवस त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. चिडला नव्हता. म्हणाला, "तुला वाटतं तू त्यांना मान देतोयस. तुझी पाळी असताना तू थांबलास की त्यांना कळत नाही आता कोण जाणार. माझी पाळी असताना मी पुढे गेलो नाही, तर माझा जोडीदार माझ्या जागी धावतो, त्याची जागा रिकामी पडते, आणि गोल होतो. आपली पाळी घेणं हा उद्धटपणा नाही. ते दुसऱ्याच्या सोयीसाठी असतं."

मला ऐकू येत होतं ते वेगळंच. वर्गात हात वर न करणारा मी, लग्नात मागच्या पंगतीला बसणारा मी, मंडळात डिश घेऊन कोपऱ्यात उभा राहणारा मी. त्याला मी आजवर नम्रपणा म्हणत होतो. त्याने पुन्हा गाडी सुरू करायला सांगितलं. त्या दिवशी मी दोन चौक माझ्या पाळीने ओलांडले. बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बरं, आणि फोन ठेवताना परत म्हणाली, बरं झालं हो.

तिसऱ्या परीक्षेची वेळ मिळाली ती मार्चमधल्या एका दुपारी दीडची. प्लेऑफ तोंडावर आलेले. परीक्षेला गाडी आपली न्यावी लागते. बायकोची ड्युटी होती आणि गाडी तिच्याकडे, म्हणून त्याचीच न्यायची ठरलं होतं. त्या दिवशी सकाळी सराव चालू असताना मुकादमांनी मला आतल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि त्याचा नंबर सांगून म्हणाले, त्याची बॅग भर.

आमच्या खोलीचा एक रिवाज आहे. खेळाडूचा सौदा झाला, दुसऱ्या टीमला दिला, की त्याच्याआधी आम्हाला कळतं. कारण बॅग तयार लागते. पण कोचने त्याला बोलावून सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही; जेवताना नाही, विनोदात नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. मी तोवर दोन पोरांच्या बॅगा भरल्या होत्या. अवघड गेलं नव्हतं. पोरं होती, जातातच.

याला पूर्वेकडच्या एका टीमने घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे मॅच. गाडीने जवळजवळ दिवसभराचा रस्ता.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला आधी माझी दीडची वेळ आठवली. गाडी गेली, परीक्षा गेली, जागा गेली. त्यानंतर तो आठवला. मग मी बॅग भरायला घेतली. जास्तीचे स्केट्स पुसून त्यांच्या पात्यांना कापडी खोळी घातल्या. काठ्या एकत्र बांधल्या. हातमोज्यांची दुसरी जोडी मी आदल्याच आठवड्यात शिवली होती. तिचे टाके पुन्हा एकदा ओढून पाहिले, तिकडे कोण शिवणार, कसं शिवणार. सराव संपून सगळे आत आले. तो माझ्या टेबलासमोरून गेला, मी खाली मान घालून सुईत दोरा ओवत राहिलो. दोरा ओवलेलाच होता.

कोचच्या खोलीतून तो बाहेर आला तेव्हा अंघोळ करून, कपडे करून तयार होता. बॅगेकडे पाहिलं, चेन थोडी उघडून आत पाहिलं, परत लावली.

"छान भरलीस," म्हणाला. "दीड वाजता ना?"

मी म्हटलं, नको. तू निघ. रस्ता लांब आहे. मी पुढची वेळ घेईन. पुढची वेळ प्लेऑफच्या नंतरची होती हे दोघांनाही माहीत होतं.

तो म्हणाला, "सराव सुटल्यावर तू माझ्याकडे बघितलं नाहीस. इक्विपमेंटवाला बघेनासा झाला की मला कळतं. त्यामुळे कोचने गाव सांगितलं तेव्हाच मी हिशेब केला. तुझी परीक्षा झाली की निघालो तरी मी वेळेत पोचतो." आणि किल्ली माझ्याकडे टाकली. "चल. चालवायची तुलाच आहे."

मुकादम दारात उभे होते. ते मला कधी नाही ते हळू आवाजात म्हणाले, जा रे, जा, उभा काय राहिलास.

वाटेत तो नेहमीसारखाच बसला होता. सौद्याबद्दल एक शब्द नाही. फक्त एकदा म्हणाला, आरसा. मी आरशात बघितलं. डीएमव्हीच्या, म्हणजे लायसन्सच्या ऑफिसच्या, आवारात मी गाडी उभी केली. परीक्षेत तो गाडीत बसू शकत नव्हता. उतरताना त्याने सीटच्या कडेला पडलेले मुलीचे मोजे उचलून खिशात घातले, बाईंना बसायला जागा व्हावी म्हणून.

बाई त्याच. त्यांनी मला ओळखलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. आवारातून बाहेर पडतानाच रस्त्यावर बदकांसारखे मोठे राखाडी हंस आडवे चालत आले. इथे वसंताच्या तोंडाला ते सगळीकडे असतात आणि कुणाला घाबरत नाहीत. मी थांबलो. हंस थांबले. बाई माझ्या उजव्या हाताकडे बघत होत्या, मला दिसत होतं. नगरमध्ये गाढव आडवं आलं तर काय करतो हे माझ्या हाताला चांगलं ठाऊक होतं. मी हात मांडीखाली घालायचा तेवढा बाकी ठेवला. हंस त्यांच्या सवडीने गेले.

मग चौक आला. मी थांबलो, आधी मीच. उजवीकडून एक मोठा पिकअप ट्रक आला, थांबला, आणि जरा पुढे सरकला. समोरून एक म्हातारी बाई, तिची गाडीही थांबलेली. हात स्टिअरिंगवरून उठायला लागला, त्यांना जा म्हणायला. मनात तेच आलं होतं, की ट्रक मोठा आहे, म्हातारी वयाने मोठी आहे, मीच एक लहान आहे. मी ट्रकच्या नाकाकडे बघितलं. ते थांबलं होतं, माझ्यासाठी. सगळे माझ्यासाठी थांबले होते, मी जात नव्हतो म्हणून. मी पाय उचलला आणि गेलो.

बाकीची परीक्षा मला नीट आठवत नाही. परत आल्यावर बाईंनी कागद दिला, पास म्हणाल्या, आणि दार उघडताना म्हणाल्या की हंसांना फार छान थांबलात.

तो आवाराच्या टोकाला फोनवर होता. मी जवळ गेलो तेव्हा मुलीशी बोलत होता. ती आणि तिची आई त्या शनिवार-रविवारी इकडे येणार होत्या, हे मला माहीतच नव्हतं. तो तिला सांगत होता की आता नवीन गाव, तिथे मत्स्यालय आहे म्हणे, मोठं, बाबा आधी जाऊन बघून ठेवेल. आवाजात इतका उत्साह, की चेहरा बघितला नसता तर मला खरा वाटला असता. मला पाहून त्याने भुवया उंचावल्या. मी कागद दाखवला. त्याने फोनमध्ये सांगितलं, थांब, इथे एक माणूस जिंकलाय. आणि फोन माझ्यासमोर धरला. पलीकडून एक लहान आवाज म्हणाला, काँग्रॅच्युलेशन्स. मी फोनकडे वाकून थँक यू म्हटलं.

स्टेडियमपर्यंत मीच चालवली. बॅग आणि काठ्या आम्ही दोघांनी मिळून मागे कोंबल्या, गादीच्या वर. मला काहीतरी बोलायचं होतं. मी विचारलं, दर वेळी वाईट वाटतं का? त्याने खरंच विचार केला. "दर वेळी वाटतं, झालं, संपलं. मग लक्षात येतं, कुणीतरी फोन करून मागितलंय आपल्याला. या वयात मागतायत." मग सीट मागे सरकवली, माझ्या उंचीची झाली होती ना ती, आणि म्हणाला, "जातो. मुकादमांना लायसन्स आजच दाखव, उद्यावर ठेवू नकोस." मुकादम हा शब्द मी एकट्या त्याला शिकवला होता. गेला.

व्हॅन आता मी चालवतो. आयोवा, विस्कॉन्सिन, बर्फात, धुक्यात, टीमच्या बसच्या मागे ठरलेलं अंतर ठेवून. डेव्हन ॲव्हेन्यूला आता लोक माझ्या गाडीत बसून येतात आणि माझ्या वेळेने परतात. मी शक्यतो त्यांच्याच वेळेने निघतो. बायको शेजारच्या सीटवर झोपते. हे मी कुणाला सांगत नाही, पण ती झोपली की मला लायसन्स परत एकदा मिळाल्यासारखं वाटतं.

तो पूर्वेकडच्या टीममधून पुढे आणखी एका टीममध्ये गेला. मी फोनवर त्याच्या मॅच बघतो. उलटा पळताना आता थोडा जड वाटतो, पण अजून कुणी त्याला बगल देऊन गेलेलं मी फारसं पाहिलं नाही. मध्ये मुकादम म्हणाले, बहुतेक हे शेवटचं वर्ष. गुडघा आता ऐकत नाही.

तर मी ठरवलंय. त्याला अजून सांगितलेलं नाही, आता सांगितलं तर तो नको म्हणेल. ज्या गावी तो स्केट्स शेवटचे उतरवेल, ते गाव कितीही लांब असो, मी तिथे जाईन. त्याच्या आजवरच्या सगळ्या गावांतून तो एकटा गाडी चालवत निघाला. त्या एका गावातून त्याने चालवत निघायचं नाही. गादी, टेबल, कॉफीचं मशीन मी भरेन, तो शेजारी बसेल, वाटलं तर झोपेल, आणि मी त्याला मिनेसोटात त्याच्या दारात सोडीन. तेवढ्याने फिटणार नाही, हे मला कळतं. पण सुरुवात तिथून करीन.